रेल्वे नसलेल्या गावातली गाडी

अब्बांना इगतपुरीहून सिन्नरला आमच्या घरी आणलं, त्या पहिल्या रात्री ते झोपलेच नाहीत. फजरच्या नमाजसाठी मी उठले तर ते खाटेवर टेकून बसलेले. बरं वाटत नाही का, असं विचारलं तर म्हणाले, "तबीयत को क्या हुआ? यहाँ गाडी की आवाज ही नहीं. नींद कैसे आएगी?"

तेव्हा मी हसले. नंतर महिना गेला, दोन महिने गेले, आणि हसू येईनासं झालं. अम्मीचा इंतेकाल झाल्यावर त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं. भाऊ परदेशात. आता बाप मुलीच्या घरी राहायला येतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालतं हे आपल्या समाजातल्या वाचकांना सांगायला नको. ताटातलं दुसऱ्यांदा मागायचं नाही, पंखा लावायचा तर विचारून लावायचा, जावयासमोर पाय पसरून बसायचं नाही. माझ्या नवऱ्याने कधी एका शब्दानेही त्यांना परकं केलं नाही, पण अब्बा पाहुण्यासारखेच राहिले. दिवसभरात त्यांची वीस वाक्यं होत नसत.

सिन्नरला रेल्वे नाही. गाव लहान नाही आणि नवीनही नाही. यादवांची इथे राजधानी होती, गोंदेश्वराचं देऊळ त्याची साक्ष देत उभं आहे. बिड्यांसाठी गाव ओळखलं जातं, मुसळगाव आणि माळेगावच्या वसाहतींत कारखाने आहेत, आता समृद्धी महामार्गही तालुक्यातून गेला. पण गाडी पकडायची तर नाशिकरोड. नाशिक-पुणे रेल्वे सिन्नरवरून जाणार हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकते आहे. मध्यंतरी नारायणगावजवळच्या खोडदच्या महादुर्बिणीला अडथळा येतो म्हणून मार्गाचा प्रश्न उभा राहिला. माझ्या वर्गात एकदा विचारलं, रेल्वेत कोण कोण बसलंय? निम्मे हातही वर आले नाहीत. आणि अशा गावात मी आणलं कोणाला, तर कसाऱ्याच्या घाटात सारी हयात घालवलेल्या ड्रायव्हरला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मुंबईहून नाशिककडे येताना कसारा ते इगतपुरी हा सुमारे १६ किलोमीटरचा घाट लागतो. १८६५ पासून तिथून गाड्या जातात. चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. डोळ्यांना हा चढ किरकोळ वाटतो, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक असताना तो फार मोठा असतो. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागून जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. ती गाडीला ढकलत इगतपुरीपर्यंत आणतात, तिथे सुटतात आणि पुढची गाडी घ्यायला परत खाली कसाऱ्याला जातात. डब्यात झोपलेल्या माणसाला याचा पत्ताही नसतो. अब्बा १९७१ साली लागले, २०१० साली निवृत्त झाले, आणि बरीचशी नोकरी त्यांनी या मागच्या इंजिनावर केली. सुरुवातीला त्यांच्या हाती आलेली ती जुनी लांब नाकाची इंजिनं इंग्रजांच्या काळातली, १९२८ च्या सुमारास आलेली. साहेब लोक त्यांना मगर म्हणत. आपल्याकडची माणसं खेकडा म्हणत, कारण उभी असली तरी ती कण्हल्यासारखा आवाज करायची आणि चालायला लागली की बाहेरचे दांडे खेकड्याच्या पायांसारखे हलायचे. त्यातलं एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवलं आहे.

हे सगळं मलाही नीट ठाऊक नव्हतं. लहानपणी बापाची नोकरी म्हणजे डबा, पाळी आणि धुवायचे कपडे, एवढंच. मला ते कळलं माझ्या धाकट्या मुलामुळे. त्याला गाड्यांचं वेड. लग्नपत्रिकांचा जाड कागद, फेव्हिकॉल आणि सनबोर्ड घेऊन तो डबे बनवायचा. एकदा त्याने बँकर म्हणून एक इंजिन बनवलं आणि गाडीच्या पुढे, मुख्य इंजिनाच्या शेजारी लावलं. अब्बा खाटेवरून उठले, ते इंजिन उचललं, गाडीच्या मागे ठेवलं आणि परत जाऊन पडले. एक शब्द बोलले नाहीत. पण मुलगा तेवढ्याने त्यांच्या मागे लागला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिघं पुण्याला गेलो. कोथरूडला कर्वे रस्त्याजवळ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी या गृहस्थांनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून ते उभं केलं आणि १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं. सिन्नरहून पुणे म्हणजे एसटीने जवळजवळ दिवसच जातो. नांदूर शिंगोटे, संगमनेर, चंदनापुरीचा घाट, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, चाकण. संगमनेरला गाडी थांबली तेव्हा अब्बा म्हणाले, एवढ्या वेळात तर आपण भुसावळच्या जवळ असतो. एसटीला त्यांनी कधीच गाडी म्हटलं नाही. गाडी म्हणजे रुळावरची. वाकडेवाडीला उतरलो, रिक्षा केली, आणि इमारतीचा जिना चढून एका साध्या दालनात गेलो.

आत एक अख्खं शहर मांडलेलं. वाफेची इंजिनं, डिझेल, विजेची, वेगवान परदेशी गाडी, रोपवे, सर्कस, पोहण्याचा तलाव, मोटारीत बसून पाहायचं सिनेमागृह. पासष्टच्या आसपास सिग्नल, पूल, कुंपणं, दिव्याचे खांब. एकेक गाडी सुटते, माहिती सांगणारा आवाज चालू असतो. मग दालनातले दिवे मंद होतात आणि त्या शहरात संध्याकाळ होते. खिडक्यांत दिवे लागतात, डबे उजळतात. मुलं ओरडली. माझंही मन लहान झालं, खोटं कशाला सांगू. अब्बा मात्र गाड्या बघत नव्हते. ते सिग्नल बघत होते. गाडी येण्याआधी कोणता पडतो, कोणता उठतो. खेळ संपल्यावर म्हणाले, "बरोबर है. जिसने बनाया, उसको मालूम था." एवढी तारीफ त्यांनी माझ्या बीएडच्या निकालाचीही केली नव्हती.

खाली उतरलो तर रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर चार-पाच माणसं उभी. एकाच्या हातात बुटांचं खोकं, त्यात कापसात गुंडाळलेलं इंजिन. वाद चालला होता, की घाटातल्या जुन्या बँकरचा हॉर्न एक होता की दोन. अब्बांनी चहाचा घोट घेतला आणि दुसरीकडे बघतच खरं काय ते सांगितलं. सगळे गप्प. मग एक म्हणाला, "काका, तुम्हाला कसं माहीत?" अब्बा म्हणाले, "मी वाजवायचो."

पुढचा दीड तास आमचा त्या टपरीवर गेला. त्यांच्यात एक निवृत्त बँक अधिकारी, एक दातांचा डॉक्टर, एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी, एक औषधाचं दुकान चालवणारा. दातांच्या डॉक्टरची बारीक हत्यारं इंजिनाचे दिवे कोरायलाही चालतात, हे तिथे कळलं. या मंडळींना ना नाव, ना पाटी, ना अध्यक्ष. महिन्यातून एखाद्या रविवारी कोणाच्या तरी घरी जमतात. बायका मात्र त्यांच्यात एकही नव्हती, ते मी त्यांना तिथेच बोलून दाखवलं. हसले बिचारे.

अशी मंडळी जगभर आहेत. लंडनचा मॉडेल रेल्वे क्लब १९१० पासून चालू आहे. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठातल्या मुलांचा असाच क्लब १९४६ ला निघाला. रूळ आणि स्विचांच्या तारा जोडता जोडता त्यातली काही मुलं पुढे संगणकाच्या मागे लागली आणि त्या क्षेत्रात नावाजली. जर्मनीत हॅम्बुर्गला दोन जुळ्या भावांनी २००१ साली उघडलेलं छोटं जग बघायला तर देशोदेशींची माणसं येतात. आपल्याकडे जागा नाही, पैसा नाही, आणि बाजारात मिळणारे रूळ आपल्या मापाचे नाहीत. सगळ्यात प्रचलित माप म्हणजे मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीवा भाग. त्याचे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद, ते तिकडच्या रेल्वेला बरोबर बसतात. आपली रेल्वे जास्त रुंद, १६७६ मिलिमीटर. हिशेब केला तर एकोणीस मिलिमीटरच्या वर हवेत. म्हणून आपल्या मुलांनी हाताने बनवलेला भारतीय डबा त्या रुळावर थोडा अरुंद पायांवर उभा असल्यासारखा दिसतो. तो विद्यार्थी या तीन मिलिमीटरवर रात्र रात्र जागतो म्हणे.

जागेवर त्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडला. कोणाच्याही घरात पूर्ण रेल्वे मावत नाही, म्हणून प्रत्येकाने एक फळी करायची. चार फूट, सहा फूट, जमेल तेवढी. फळीवर काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. कोणी स्टेशन करतो, कोणी नदीवरचा पूल, कोणी नुसतं बाभळीचं रान. नियम फक्त फळीच्या दोन्ही टोकांना. जमिनीपासून रुळाची उंची तीच, दोन रुळमार्गांमधलं अंतर तेच, तारांचे प्लग तेच. मग कोणाचीही फळी कोणाच्याही फळीला जोडते. मी वर्गात निबंध शिकवते, पण एकत्र राहण्याबद्दल एवढं नेमकं मला कधी सांगता आलं नाही.

घरी आल्यावर अब्बा आणि नातू कामाला लागले. अब्बांनी ठरवलं, आपल्या फळीवर घाट. घाटाचे १६ किलोमीटर मापात करायचे तर १८४ मीटर लांबी लागेल, म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत. म्हणून घाटाचा एक तुकडा, आठ फुटांचा. चढ मात्र खराच, सदतीसास एक. आठ फुटांत साडेसहा सेंटीमीटर. मुलगा म्हणाला, कमी करू, इंजिनं चढणार नाहीत. अब्बा म्हणाले, कमी केला तर तो घाट कसला?

याच सुमारास घरात कुरबूर झाली. माझी नणंद आली, तिने पाहिलं, आणि तिला ते रुचलं नाही. म्हाताऱ्याने तस्बीह घेऊन बसायच्या वयात खेळणी करायची, वर पैसा घालायचा, हा इस्राफ नाही तर काय? तिचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. परदेशी बनावटीचं एक चांगलं इंजिन आमच्या महिन्याच्या किराण्यापेक्षा महाग पडतं, आणि हे वेड वाढत जाणारं आहे. अशा छंदात घर विसरलेली माणसं असतात. शेवटी माझ्या नवऱ्यानेच तोड काढली. नवं काही घ्यायचं नाही. दातांच्या डॉक्टरकडचं एक जुनं इंजिन मुलाने ईदीच्या पैशांतून घ्यायचं, बाकी सगळं हाताने. नमाजच्या वेळी बटण बंद. हा करार अब्बांनी मान्य केला, आणि पहिल्यांदाच जावयाला म्हणाले, "एक कप चाय और मिलेगी क्या?" तो कप मी कसा करून आणला ते माझं मला माहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मंडळी सिन्नरला यायला तयार झाली. सात फळ्या, म्हणजे पन्नास फुटांच्या आसपास. घरात मावणं शक्यच नव्हतं. मोहल्ल्याचा जमातखाना आहे, पण तो लग्नाचा, दुवेचा. खेळण्यांसाठी मागायचा कसा? मी म्हटलं, मी जाते. अब्बा म्हणाले, नको. इस्त्रीची शेरवानी घातली, काठी घेतली आणि जुम्माच्या नमाजनंतर स्वतः विश्वस्तांपाशी गेले. सिन्नरला आल्यापासून ते कोणाकडे काही मागायला म्हणून बाहेर पडले, तो पहिला दिवस. काय बोलले ते मला ठाऊक नाही. किल्ली घेऊन आले.

रविवारी सकाळी टेम्पोतून फळ्या उतरल्या आणि पहिली अडचण आली. दावतीनंतर धुण्याचं पाणी वाहून जावं म्हणून जमातखान्याच्या फरशीला उतार आहे. एका टोकाची फळी दुसऱ्या टोकाहून तीन बोटं खाली. पायांना फिरवायचे बोल्ट होते, तेही पुरेनात. मग मोहल्ल्यातली पोरं धावली. पाटीचे तुकडे, वह्यांचे पुठ्ठे, बिडीच्या खोक्यांचे कागद घड्या करून पायांखाली गेले. पाण्याची पातळी धरून अब्बा एकेका सांध्यापाशी वाकून बघत होते. ते "हाँ" म्हणाले की पुढचा सांधा. दोन तास हेच चाललं. खरं सांगायचं तर असल्या संमेलनाचा अर्धा वेळ टोकं जुळवण्यातच जातो.

औषधवाल्याने माथेरानच्या छोट्या गाडीचं वळण आणलं होतं, दोन फुटी रुळाचं, फळीच्या मधोमध वेगळं फिरणारं. ती खरी रेल्वे सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशांतून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीतून १९०४ ते १९०७ या काळात झाली, सोळा लाख रुपये खर्चून, हे त्याने पोरांना सांगितलं. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी ते नाव ऐकलं आणि एकमेकांकडे बघितलं. माझा मुलगा म्हणाला, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. मी शिक्षिका, मीच मान खाली घातली.

गाडी सुटली. सहा डबे, पुढे एक इंजिन. स्टेशन, पूल, बाभळीचं रान सगळं झालं आणि अब्बांच्या घाटात येऊन चाकं जागच्या जागी फिरायला लागली. डबे उभे. सगळे अब्बांकडे बघायला लागले. त्यांच्या तोंडावर समाधान होतं. "अब समझे?" म्हणाले.

मागून दुसरं इंजिन लावलं. विजेचा दाब दोघांना एकच, पण मागचं जरा चपळ निघालं. वळणावर त्याने रेटा दिला आणि मधले दोन डबे रुळावरून बाजूला पडले. पुन्हा लावले, पुन्हा पडले. तेव्हा अब्बा खुर्ची ओढून बसले आणि अभियांत्रिकीच्या त्या मुलाला समजावू लागले. मागच्याने पुढच्याला हाकायचं नसतं. पुढचा ओढतो तेवढं त्याला ओढू द्यायचं, आपण फक्त त्याच्यावरचं ओझं हलकं करायचं. मागून पुढचं काही दिसत नाही. डब्यांच्या जोडावरून, शिट्टीवरून, पायाखालच्या थरथरीवरून कळतं. मुलाने दोन्ही इंजिनं बदलली, चपळ पुढे आणि संथ मागे, आणि मधल्या हलक्या डब्यांत नटबोल्ट भरले. तिसऱ्या खेपेला गाडी चढली. सावकाश, कण्हत, पण चढली.

उतारावर अब्बांनी हट्टाने एक फाटा करवून घेतला होता, वर चढून संपणारा, कुठेच न जाणारा. मुलांना वाटलं चूक झाली. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. घाट उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा आधीपासून त्या फाट्याकडेच लावलेला असतो. ड्रायव्हरने गाडी तिथे पूर्ण थांबवून दाखवायची, ब्रेक हातात आहे हे सिद्ध करायचं, मगच पुढचा रस्ता मिळतो. ब्रेक गेलेली गाडी आपोआप फाट्यावर चढते आणि थांबते. मोहल्ल्यातल्या एका पोराच्या हाती बटण दिलं, तो थांबवायचं विसरला, आणि सबंध गाडी फाट्यावर जाऊन टोकाच्या वाळूत रुतली. टाळ्या पडल्या. अब्बा म्हणाले, त्यांची गाडी उभ्या नोकरीत एकदाही तिथे गेली नाही. मग पोरं विचारत गेली आणि ते सांगत गेले. पावसाळ्यातलं धुकं, बोगद्यातली अंधारी, रिकामं इंजिन घेऊन कसाऱ्याला उतरताना रात्री दोनची थंडी. मी दारात उभी राहून ऐकत होते. चाळीस वर्षं त्यांचा डबा भरणाऱ्या अम्मीला तरी यातलं किती ठाऊक होतं, कोण जाणे.

जोहरला बटण बंद झालं. पाहुण्यांत शाकाहारी होते, म्हणून दोन पातेली केली होती, दालचा वेगळा आणि मसूर पुलाव वेगळा. शेजारच्या बिड्या वळणाऱ्या बायका सूप घरी ठेवून बघायला आल्या. त्यातली एक सत्तरीची खाला फळीवरच्या गाडीत खिडकीजवळची जागा कोणती ते विचारत राहिली. ती आजवर रेल्वेत बसलेली नाही. नणंदही आली होती. बोलली काही नाही. जाताना मात्र तिच्या नातवाला तिथून उचलून न्यावं लागलं.

संध्याकाळी फळ्या सुटल्या, टेम्पोत चढल्या. आमची फळी घरी आली, आता ती पुढच्या खोलीत भिंतीला टेकून उभी असते. पुढची बैठक पुण्याला, डॉक्टरच्या घरी ठरली. तिथली फरशी सपाट आहे, तेव्हा पायांचे बोल्ट पुन्हा मोजायला हवेत, असं अब्बांचं म्हणणं. काल त्यांनी मला दोन कामं सांगितली. एक, पाण्याची नवी पातळी आणायची, जुनीतला बुडबुडा त्यांना नीट दिसत नाही. दुसरं, सिन्नरहून पुण्याला पहाटेची पहिली एसटी किती वाजता, आणि आठ फुटांची फळी टपावर घेतात का, ते स्टँडवर विचारून यायचं.